राणीछाप रुपया: चांदी खरी, नाणं खोटं

गौरीच्या पूजेला ओटीत किंवा कलशाखाली ठेवायला कोकणातल्या बऱ्याच घरांत अजूनही एखादा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, निघतो. 2025 मध्ये चांदी किलोला दीड लाखाच्या पलीकडे गेली तसे देवघरातले हे रुपये डब्यांतून बाहेर आले आणि चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीच्या सराफांच्या काट्यावर चढले. काट्यासमोर प्रश्न ठरलेला असतो: ‘‘खरा आहे ना?’’ सराफ जे उत्तर देतो ते चांदीबद्दल असतं, विचारणाऱ्याच्या मनात मात्र नाणं असतं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हे दोन प्रश्न जवळजवळ एकच होते. ते वेगळे झाले ते एका सरकारी निर्णयानं.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो. आदिलशाहीत या किनाऱ्यावर लारी चालत असे. चांदीची तार दुमडून तिच्यावर छाप मारलेलं हे नाणं इराणी आखाताच्या व्यापारातून आलं. आजही अनेक लारींवर छिन्नीचे घाव दिसतात. आत तांबं नाही ना, एवढंच घाव घालणाऱ्याला बघायचं होतं, छाप कुणाचा याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. पुढे मुघल आणि मराठी रुपयांवर सराफांनी मारलेले बारीक टिकले, म्हणजे पारखीच्या खुणाही, याच जातीच्या. संस्थानी टांकसाळींबद्दल अविश्वास होता आणि तो सगळा अनाठायी नव्हता. जंजिऱ्याची टांकसाळ 1834 मध्ये इंग्रजांनी बंद केली तेव्हा तिथून हिणकस नाणी पडतात हेच कारण पुढे केलं होतं. त्या व्यवहारात नाणं राजाचं असूनही बट्टा लागे, कारण मोजली जाई ती चांदी.

1835 च्या कायद्यानं हा गोंधळ बराच आवरला. रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा झाला. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, आजच्या टंचात, म्हणजे शेकडा शुद्धतेत, 91.67. एक रुपया म्हणजे एक तोळा, त्यामुळे सराफाच्या पारड्यात रुपया वजन म्हणूनही बसू लागला. गोव्याच्या पोर्तुगिजांनी 1881 मध्ये काढलेला रुपिया याच वजनाचा आणि याच कसाचा आहे, म्हणून सावंतवाडीकडच्या घरांत दोन्ही एकाच डब्यात सापडले तर नवल नाही. जाता जाता एक सांगायला हवं. आज सराफ ‘तोळा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात 10 ग्रॅम असतात. आजीच्या तोळ्यात आणि दुकानातल्या तोळ्यात दीड ग्रॅमहून जास्त फरक आहे, आणि त्यावरून होणाऱ्या भांडणात बहुतेक वेळा कुणीच खोटं बोलत नसतं.

आता तो निर्णय. जून 1893 पर्यंत कुणीही चांदीची लगड घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जाऊ शकत होता. शेकडा दोन टक्के टांकणावळ कापून तिचे रुपये मिळत. म्हणून रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत हातात हात घालून चालायची. जगात चांदी घसरत होती, तिच्याबरोबर रुपयाही घसरत होता, आणि इंग्लंडला पौंडात पैसे पाठवणाऱ्या सरकारच्या अंदाजपत्रकाचे हाल होत होते. मग सरकारनं टांकसाळीचं दार लोकांच्या चांदीला बंद केलं. हुंडणावळ, म्हणजे रुपया-पौंडाचा दर, सावरायची तर दुसरा उपाय नव्हता, असं त्या बाजूनं सांगितलं जातं. पाच-सहा वर्षांत रुपया 16 पेन्सवर स्थिरावला हेही खरं. पण त्याच सुमाराला त्यातली चांदी भरत होती जेमतेम 10 पेन्सची. सोळा आण्यांच्या रुपयात दहा आण्यांची चांदी!

याचा भार कुणावर पडला ते हुंडणावळीच्या आकड्यांत दिसत नाही. ज्यांची बचत तोडे, वाळे आणि कमरपट्ट्यांत होती त्यांची चांदी आता कुठल्याच टांकसाळीत रुपया होणार नव्हती. पाठोपाठ 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले आणि दागिने मोडायला निघालेल्यांना बाजार देईल तो भाव घ्यावा लागला. रुपयात बचत केलेला तरला, दागिन्यात केलेला बुडाला. दोघांकडे चांदी तीच होती.

खोट्या नाण्याची व्याख्याही इथेच फिरली. आधी खोटा रुपया म्हणजे कथील, शिसं किंवा मुलामा दिलेलं तांबं. पूर्ण कसाच्या चांदीचा खोटा रुपया पाडण्यात काही फायदाच नव्हता. 1893 नंतर मात्र कुणी अस्सल 91.67 टंचाची, पुऱ्या वजनाची नकल पाडली तरी प्रत्येक नगामागे त्याला सहा आण्यांच्या आसपास सुटत. असा रुपया कसोटीवर घासा, तेजाब लावा, वाजवून पाहा, सगळीकडे तो पास होणार. कायद्यानं मात्र तो खोटाच. 1860 ची दंडसंहिता फसवण्याच्या हेतूनं केलेलं साम्य बघत होती, धातूचा कस बघत नव्हती. 1906 च्या नाणे कायद्यात तर संशयित रुपया तिथल्या तिथे कापून टाकायचा अधिकार ठरलेल्या अधिकाऱ्यांना होता आणि नुकसान नाणं घेऊन येणाऱ्याचं.

मराठीत आपण हे सगळं ‘खोटा’ या एकाच शब्दात कोंबतो. खरं तर नकली वेगळं आणि हिणकस वेगळं. टांकसाळीतून पडलेलं नाणं हिणकस असू शकतं, आणि चोरून पाडलेलं नाणं उत्तम चांदीचं. तिसरा प्रकार आणखीच मजेचा. मुंबईच्या टांकसाळीनं 1940-41 मध्ये ऑस्ट्रियाच्या राणीचे थालर पाडले, त्यांच्यावर साल 1780. तांबड्या समुद्राकडच्या व्यापारात लोकांना तेच साल हवं होतं. त्यांना नकली म्हणायचं की हिणकस? दोन्ही नाही, आणि साल तर उघड उघड खोटं.

त्याच 1940 मध्ये घरच्या रुपयाचा कसच सरकारनं अर्ध्यावर आणला: 50 टक्के चांदी, 40 तांबं, बाकी निकेल आणि जस्त. नकलांना आळा बसावा म्हणून दातेरी कडेच्या मधोमध नक्षीची खाच घातली. 1941 ते 1943 या काळात जुने चांगल्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढले आणि 1947 चा रुपया निव्वळ निकेलचा आला. म्हणजे सहाव्या जॉर्जचा, ‘राजाछाप’ म्हणून ठेवलेला रुपया मोडीत अर्धाच भरला तर सराफाला दोष देण्याआधी साल वाचावं. स्वतंत्र भारताची स्मारक नाणीही अशीच फसवतात. 1969 चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं 80 टक्के चांदीचं, तर 1972 चं दहाचं 50 टक्के.

परीक्षा सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण त्यांची भोकं कमी लोकांना ठाऊक. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कण नसतो, तरी ते लोहचुंबकाला चिकटत नाही आणि खणखणीत वाजतं. ते पकडलं जातं वजनात. रुपयाच्या मापाचा जर्मन सिल्व्हरचा तुकडा पावणेदहा-दहा ग्रॅमच्या आसपास भरतो, तर खरा रुपया झिजला तरी सहसा सव्वाअकराच्या खाली जात नाही. उलट माळेत ओवायला कडी जोडलेला अस्सल रुपया बद्द वाजतो आणि जोडकामाच्या डाखामुळे वजनही चुकवतो. खाऱ्या दमट हवेत काळा पडलेला रुपया खरा आणि हिरवट खोटा, ही समजूतही अर्धीच खरी, कारण अस्सल रुपयातही बाराव्या हिश्शाचं तांबं आहे. एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र, वरचा पातळ थर वाचतं. अर्ध्या कसाच्या जुन्या नाण्याच्या पृष्ठभागावरून तांबं निघून गेलेलं असेल तर ते आतल्यापेक्षा चढा आकडा दाखवतं. सालाचा सापळाही आहेच: 1862 हे साल रुपयांवर 1874 पर्यंत तसंच राहिलं, म्हणून ‘बासष्टचा दुर्मिळ रुपया’ म्हणून कुणी चढा भाव सांगत असेल तर मुकाट्यानं उठावं. 1818 ची राम दरबार छापाची ईस्ट इंडिया कंपनीची नाणी तर कंपनीनं कधी काढलीच नाहीत.

दिवाळीत आपण घेतो ती लक्ष्मी-गणेशाची ‘नाणी’ या भांडणात बसतच नाहीत. पैसा म्हणून वापरायची नसलेली पदकं ही नाणी नव्हेत, असं 1860 च्या दंडसंहितेतल्या उदाहरणातच म्हटलं होतं. तिथे प्रश्न फक्त चांदीचा, आणि 990 किंवा 999 चा (हजारात किती भाग चांदी त्याचा) शिक्का कुणी मारला याचा. चांदीचं हॉलमार्किंग 1 सप्टेंबर 2025 पासून सहा अंकी-अक्षरी ओळखक्रमांकासह सुरू झालं तेव्हाही ते ऐच्छिकच ठेवलं गेलं. सोन्याला 2021 पासून सक्ती आहे. कोकणात गरिबाच्या घरी जो धातू जास्त असतो त्यालाच ऐच्छिक का, हे मला अजून नीट पटलेलं नाही.

जुन्या रुपयाचं मात्र दुहेरी कोडं तसंच आहे. 1939 चा रुपया मोठ्या प्रमाणावर वितळवला गेल्यानं दुर्मिळ झाला, त्याला संग्राहक चांदीच्या कित्येक पट देतात. 1938 च्या अस्सल रुपयावरचा 8 कुणी कोरून 9 केला असेल तर वजन बरोबर, टंच बरोबर, आवाज बरोबर. यंत्र 91.67 दाखवेल, सराफ मान डोलावेल, आणि भिंगाखाली तो शेवटचा आकडा बघायचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.