बोटभर अंतरासाठी

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा पत्ताच गैरसोयीचा आहे. वर लघवीची पिशवी, मागे गुदाशय, मधून मूत्रनलिका गेलेली आणि दोन्ही बाजूंना लिंगाच्या ताठरतेच्या नसा. अक्रोडाएवढी ही ग्रंथी आणि गुदाशयाची भिंत यांच्यात अंतर किती, तर जेमतेम काही मिलिमीटर. म्हणून तर डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपू शकतात. तपासणीला सोयीचा हा शेजार प्रोस्टेटच्या कॅन्सरवर रेडिएशन देताना मात्र नडतो.

कॅन्सर मारायला डोस मोठा लागतो. आजच्या एका रुळलेल्या पद्धतीत २० दिवसांत मिळून ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) देतात. यातला मोठा वाटा गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला मिळाला, तर उपचार चालू असताना वारंवार शौचाला लागतं, कळा येतात. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. उशिरा येणारा त्रास वेगळा. आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि सगळं संपून कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर शौचातून रक्त दिसतं. अशा वेळी दुर्बिणीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना जुन्या रेडिएशनबद्दल आधीच सांगावं. शेकलेल्या भिंतीचा तुकडा बायोप्सीसाठी काढला, तर ती जखम भरता भरत नाही.

मग किरण फक्त प्रोस्टेटवरच का मारत नाहीत? मशीन तेवढं अचूक असतंच. त्याच्या तोंडाशी टंगस्टनच्या पात्या असतात, त्या पुढे-मागे सरकून किरणांना हवा तो आकार देतात. अडचण अशी की प्रोस्टेट जागेवर राहत नाही. गुदाशयात गॅस भरला की ती पुढे ढकलली जाते, रिकामा झाला की मागे येते. म्हणून ग्रंथीभोवती सगळीकडून थोडी जास्तीची जागा धरून किरण द्यावे लागतात. या जादा कडेचा हिशोब फसवा आहे. ४ सेंटिमीटर व्यासाचा लाडू घ्या. त्यावर ५ मिलिमीटरचा थर चढवला की आकारमान जवळपास दुप्पट होतं, १० मिलिमीटरचा चढवला की तिपटीच्या वर जातं. वाढलेला सगळा भाग निरोगी अवयवांचा. ग्रंथी नक्की कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, त्याचा दंड शेजारी भरतात.

कधी कधी दंड पेशंटलाही दुसऱ्या बाजूने बसतो. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये एक निरीक्षण मांडलं. उपचाराचा आराखडा ज्या सीटी स्कॅनवर आखला, त्या दिवशी ज्यांचा गुदाशय फुगलेला होता, त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्या काळी रोजचा नेम हाडांवरून धरत. स्कॅनच्या दिवशी पुढे ढकललेली प्रोस्टेट नंतर मागे सरकली आणि तिचा मागचा भाग किरणांतून निसटला, असा त्याचा अर्थ लावला गेला. एका दिवसाचा गॅस!

त्यानंतर ग्रंथीत सोन्याचे बारीक दाणे बसवून किंवा टेबलावरच रोज स्कॅन घेऊन नेम धरणं रुळलं. खात्री वाढली तशी कड पातळ झाली. लॉस एंजेलिसमधल्या १५६ पुरुषांवरच्या चाचणीत काहींना सीटीच्या मदतीने ४ मिलिमीटरची कड ठेवून किरण दिले, तर काहींना उपचार चालू असतानाच एमआरआयने ग्रंथी पाहत २ मिलिमीटरची कड ठेवून. सुरुवातीच्या महिन्यांत लघवीचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास पहिल्या गटात ४३ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात २४ टक्क्यांना. शौचाचा तसाच त्रास पहिल्या गटात १० टक्क्यांना, दुसऱ्यात कोणालाच नाही. फरक फक्त २ मिलिमीटरचा.

दुसरा मार्ग म्हणजे शेजाऱ्यालाच दूर सारायचं. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेलं एक जेल सुईने प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मध्ये भरतात. ते सेकंदांत घट्ट होतं आणि सेंटिमीटरभर, म्हणजे बोटाच्या जाडीची फट तयार होते. साधारण तीन महिने ते टिकतं आणि मग हळूहळू शरीरात विरघळून जातं. किरणांचा डोस अंतरासोबत झपाट्याने उतरतो, त्यामुळे एवढी फट पुरते. २२२ पुरुषांच्या चाचणीत तीन वर्षांनी गुदाशयाचा त्रास, अगदी सौम्य धरूनही, जेल नसलेल्या गटात ९ टक्के होता, जेलच्या गटात २ टक्के. जाहिरातीत हे 'चौपट कमी' म्हणून छापता येतं. पण जेल न घेतलेल्या शंभरातल्या एक्क्याण्णव जणांना तसाही त्रास नव्हता, हेही त्याच आकड्यात आहे. कॅन्सर मागच्या बाजूने ग्रंथीबाहेर पसरला असेल तर जेल टाळतात, आणि क्वचित जेलमुळेच गुदाशयाला जखम होते. खर्च करण्याआधी 'मला याचा किती फायदा?' हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन नावाच्या सूक्ष्म कणांचा झोत वापरतात, त्याचंही काहीसं असंच. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो, पलीकडे जात नाही, त्यामुळे तो शेजाऱ्यांना जपेल ही अपेक्षा रास्तच होती. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या केंद्रातही आता ही सोय आहे. पण अमेरिकेत ४५० पुरुषांमध्ये प्रोटॉन आणि नेहमीच्या नेमक्या क्ष-किरणांची तुलना झाली, त्याचे निकाल २०२४ मध्ये मांडले गेले, आणि दोन वर्षांनंतर आतड्याच्या तक्रारींत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. प्रोस्टेट हलते ती हलतेच, किरण कुठलेही असोत.

राहतो तो सगळ्यात स्वस्त उपाय. सकाळी पोट साफ करून यायचं, गरज पडल्यास हलकं रेचक घ्यायचं. पावटे, वाटाणे, कोबी, सोडावॉटर थोडे दिवस बंद. मग लघवी करून यायचं, ठरलेलं पाणी प्यायचं आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. भरलेली पिशवी आतड्यांना वर उचलते आणि तिचा स्वतःचा बराचसा भागही किरणांच्या वाटेतून बाजूला होतो. सत्तरीच्या माणसाला हे सोपं नसतं. पिशवी भरली की दम धरवत नाही, आणि नेमका आधीच्या पेशंटला उशीर झालेला असतो. इतकं करून टेबलावर झोपलं, स्कॅन झाला आणि पडद्यावर गुदाशयात काळा बुडबुडा दिसला, तर टेक्निशियन आत येऊन सांगतात, "काका, उठा. जरा चालून, गॅस सोडून या. पाणी परत प्यावं लागेल."