निरुपद्रवी लोकांचं निवेदन: क्वेकरांच्या शांतिसाक्षीची पार्श्वभूमी

जानेवारी १६६१. दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतून वर्षही झालं नव्हतं. टॉमस व्हेनर नावाचा लाकडी पिंपं बनवणारा एक कारागीर मूठभर साथीदारांसह लंडनच्या रस्त्यांवर उतरला. ख्रिस्ताचं राज्य येण्याची वेळ झाली आहे आणि ते तलवारीनेच आणायचं, असा या मंडळींचा विश्वास होता. बंड काही दिवसांतच चिरडलं गेलं. पण त्याची झळ लागली ती त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना. त्यांच्या सभांवर बंदी आली आणि चार हजारांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. राजनिष्ठेची शपथ घेतली असती तर पुष्कळांची सुटका झाली असती, पण ‘शपथ वाहूच नका’ ही येशूची आज्ञा ते शब्दशः पाळत.

याच धामधुमीत पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि इतर अकरा जणांच्या सह्यांचं एक निवेदन राजाला सादर झालं. ‘क्वेकर म्हणवल्या जाणाऱ्या, देवाच्या निरुपद्रवी आणि निष्पाप लोकांचं’ निवेदन अशी त्यांनी त्यात स्वतःची ओळख करून दिली होती. कोणत्याही हेतूसाठी, कोणत्याही सबबीखाली शस्त्रांनी होणारी सगळी युद्धं आम्ही नाकारतो; ख्रिस्ताचा आत्मा आज एक गोष्ट वाईट म्हणून वर्ज्य करायला लावील आणि उद्या तीच करायला सांगेल, असा बदलणारा नाही, असं त्यात म्हटलं आहे. क्वेकरांच्या शांततेच्या साक्षीचा, म्हणजे युद्ध नाकारण्याच्या भूमिकेचा, उगम म्हणून आज सर्रास याच मजकुराकडे बोट दाखवलं जातं. माझ्या मते तो अर्धा श्रद्धेचा जाहीरनामा आहे आणि अर्धा जामिनाचा अर्ज. त्यामुळे त्याचं मोल कमी होत नाही. मात्र तो कुणापुढे आणि कोणत्या घाईत लिहिला गेला, हे नजरेआड करून चालत नाही.

कारण त्याआधीचं चित्र इतकं स्वच्छ नव्हतं. सुरुवातीच्या क्वेकरांपैकी बरेच जण यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या फौजेतून आलेले होते. फॉक्सच्या बरोबरीचा उपदेशक जेम्स नेलर फौजेत क्वार्टरमास्टर होता. स्वतः फॉक्सने मात्र १६५१ मध्येच डार्बीच्या तुरुंगात कॅप्टनपद नाकारलं होतं. युद्धाचं मूळ माणसाच्या वासनांमध्ये आहे, हा याकोबाच्या पत्रातला विचार त्याने पुढे केला, आणि त्याबद्दल त्याला आणखी जवळजवळ सहा महिने चोरदरोडेखोरांबरोबर कोठडीत काढावे लागले. एका माणसाची ही धारणा साऱ्या समाजाची भूमिका झाली ती १६६१ च्या संकटात. तरी पार्लमेंटचा विश्वास बसला नाही. पुढच्याच वर्षी क्वेकरांविरुद्ध खास कायदा झाला.

हातात सत्ता आल्यावर काय करायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात उभा राहिला. विल्यम पेनने वसवलेल्या या वसाहतीच्या विधिमंडळात क्वेकरांचा वरचष्मा होता. १७५६ मध्ये तिथल्या गव्हर्नरने डेलावेअर या मूळ अमेरिकी जमातीविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा काही क्वेकर सदस्यांनी राजीनामे दिले. लढाईसाठीचा कर भरणं हेही लढण्यासारखंच नाही का, हा वादही त्याच काळात पेटला.

खरी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात. लष्करी वयाच्या ब्रिटिश क्वेकर पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश फौजेत दाखल झाले, हे फारसं सांगितलं जात नाही. काहींनी १९१४ मध्ये फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट (क्वेकर स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवतात) उभं केलं आणि आघाडीवरच्या जखमींची शुश्रूषा केली. १९१६ मध्ये सक्तीची भरती आली. तिच्या कायद्यात सदसद्विवेकाच्या आधारे नकार देण्याचं कलम यावं म्हणून टी. एडमंड हार्वी आणि अर्नोल्ड राउन्ट्री हे क्वेकर खासदार झटले. पण कलमाने पेच सुटला नाही, उलट वाढला. कॉर्डर कॅचपूलचं उदाहरण बघा. तो ॲम्ब्युलन्स युनिटमध्ये होता, फ्रान्समधल्या सेवेबद्दल त्याला पदकही मिळालं होतं. सक्ती येताच त्याने युनिट सोडलं आणि दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंग पत्करला. जखमींना उचलणं त्याला चुकीचं वाटत नव्हतं. सक्तीच्या यंत्रणेचा भाग होणं त्याला मान्य नव्हतं. नकार देणाऱ्या इतर काहींना फ्रान्सला नेऊन लष्करी न्यायालयाने मृत्युदंड ठोठावला, आणि मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. त्यांच्यात क्वेकर होते तसे मेथडिस्ट आणि समाजवादीही होते. १९१८ मध्ये तर क्वेकरांच्या समितीने एक पत्रक सेन्सॉरला न दाखवताच छापलं. पदाधिकाऱ्यांवर खटला चालला आणि हॅरिसन बॅरो, आर्थर वॉट्स व एडिथ एलिस तुरुंगात गेले. स्वतःला निरुपद्रवी म्हणवून घेणारी मंडळी आता कायदा उघडपणे मोडत होती.

युद्ध संपल्यावर याच लोकांनी शत्रुराष्ट्र जर्मनीतल्या भुकेल्या मुलांना जेवू घातलं. अशा कामांसाठी लंडन आणि फिलाडेल्फियातल्या क्वेकर संस्थांना १९४७ चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

भारताशी असलेला त्यांचा धागा गांधीजींमुळे घट्ट झाला. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या काळात गांधीजी बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक या क्वेकर अभ्यासकेंद्रात राहिले होते. तिथे शिकवणारे होरेस अलेक्झांडर १५ ऑगस्ट १९४७ ला कलकत्त्यात गांधीजींच्या सोबत होते. मार्जोरी साइक्स यांनी सेवाग्रामला नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवलं आणि नंतर नागा प्रदेशातल्या शांततेच्या प्रयत्नांतही भाग घेतला.

आज ब्रिटनमधल्या क्वेकरांच्या मौनसभांत, म्हणजे शांत बसून होणाऱ्या उपासनेत, देव न मानणारेही बसतात. त्यांच्यासाठी ही साक्ष ख्रिस्ती श्रद्धेपेक्षा विवेकाची बाब असते. क्वेकरांची सर्वांत मोठी संख्या मात्र केनियात आहे. १९०२ मध्ये कायमोसीला आलेल्या मिशनऱ्यांपासून सुरू झालेली ही परंपरा पाळक, प्रवचन आणि भजनांची आहे. २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे हिंसा उसळली, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये या मंडळींनी काकामेगाला शांतता परिषद भरवली.