बॅटमॅन फॉरएव्हर (गेम बॉयवरील खेळ)

बॅटमॅन फॉरएव्हर : निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी १९९५ मध्ये निघालेला व्हिडिओ गेम. जोएल शूमाकर यांच्या त्याच नावाच्या, त्याच वर्षीच्या चित्रपटावर बेतलेला. तो इंग्लंडमधील प्रोब या कंपनीने तयार केला आणि अमेरिकेतील अक्लेमने प्रकाशित केला. सुपर निन्टेन्डो, सेगा मेगा ड्राइव्ह आणि सेगाचेच हातात धरायचे गेम गिअर या यंत्रांसाठीही तो निघाला होता. मोठ्या यंत्रांवर तो बेताचाच खेळ ठरला. गेम बॉयवर मात्र हा खेळ इथे आणलाच कशाला, असा प्रश्न पडतो.

चित्रपटात टू-फेस आणि रिडलर हे दोन खलनायक, सोबतीला रॉबिन आणि निऑन दिव्यांत न्हालेले गॉथम शहर. खेळात बॅटमॅन किंवा रॉबिन म्हणून मजल्यामजल्यांवरून जायचे, गुंडांना लोळवायचे, दोरीचा आकडा टाकून वर चढायचे. पहिला टप्पा अर्कम मनोरुग्णालयातला. कल्पना म्हणून यात काहीच वावगे नाही. घोटाळा झाला तो आकृत्या आणि बटणे यांच्यापाशी.

त्या वर्षांत ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या खेळाची हवा होती. खऱ्या नटांचे चित्रीकरण करून त्यांच्याच आकृत्या खेळात हलवायच्या, ही त्याची खासियत. घरगुती यंत्रांवर तो अक्लेमनेच आणला होता आणि १९९३ ची गेम बॉय आवृत्ती प्रोबचीच होती. बटण दाबल्यावर काही क्षणांनी हात उचलणारे ते योद्धे आजही चेष्टेचा विषय आहेत. तरी तोच साचा दोन वर्षांनी बॅटमॅनला चढवला गेला.

गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. रंग नाहीत, राखाडी-हिरवट चार छटा, बस्स. आकृती ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी जोडून बनते. माणसासारखा दिसेल असा माणूस काढायचा, म्हणजे समजा ३२ ठिपके रुंद आणि ४८ उंच, तर त्याला २४ चौकटी लागतात आणि तो एकटाच पडद्याची एक तृतीयांश उंची खातो. एका चौकटीला १६ बाइट, म्हणजे एका पवित्र्याला ३८४ बाइट. चित्रांसाठीची स्मृती सगळी मिळून ८ किलोबाइट. चालणे, वाकणे, ठोसा, लाथ, उडी असे वीस पवित्रे धरले तर साडेसात किलोबाइट तिथेच संपले. भिंती, जमीन आणि गुंड अजून यायचेच आहेत. मग उपाय एकच : लागेल तो पवित्रा कार्ट्रिजमधून (आपल्याकडे जिला सरसकट ‘कॅसेट’ म्हणत) आयत्या वेळी उचलून आणायचा. हे काम मुख्यतः पडदा रंगवून झाल्यानंतरच्या सवडीत करावे लागते आणि ती सवड जेमतेम एक मिलिसेकंदाची असते. शिवाय एका आडव्या ओळीत हलत्या चौकटी दहाच दिसू शकतात. चार-चार चौकटींचे तीन जण शेजारी उभे राहिले की बारा होतात, आणि कुणाचा तरी हात किंवा खांदा लुकलुकू लागतो.

त्यात बॅटमॅन काळा आणि गॉथमही काळे. निऑनचा झगमगाट चार छटांत कुठून यायचा? मूळ गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेडही नव्हता. जत्रेतला ब्रिक गेम ज्यांनी ट्यूबलाइटखाली तिरका धरून खेळला आहे, त्यांना ही कसरत वेगळी सांगायला नको. वर त्या पडद्याचे स्फटिक सुस्त. हलणाऱ्या आकृतीमागे सावली रेंगाळते. बारीक तपशिलाच्या आकृतीचा अशा पडद्यावर पळताना चिखल होतो.

बटणांची तऱ्हा आणखी अवघड. सुपर निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर दिशेच्या फुलीखेरीज आठ बटणे असतात, तरी तिथेही आकडा वर टाकायला सिलेक्ट दाबायचे हे न सुचल्याने लोक सुरुवातीलाच अडकून बसत. (त्या आवृत्तीत टप्प्यांच्या मध्ये ‘होल्ड ऑन’ अशी पाटीही येई. कॅसेटवरच्या खेळात वाट बघायला लावणे हा एक विक्रमच.) गेम बॉयवर ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट एवढाच संसार. ठोसा, लाथ, बचाव, उडी, आकडा आणि बॅटमॅनची नाना अस्त्रे त्यात कोंबायची होती.

सगळा दोष यंत्रावर ढकलता येत नाही, कारण त्याच यंत्रावर पाच वर्षे आधी सनसॉफ्ट या जपानी कंपनीने ‘बॅटमॅन’ आणला होता. त्यातला नायक अंगठ्याच्या नखात मावेल एवढा. टोकदार कान दिसतात, एवढ्यावर ओळख पटते. हातात चक्क बंदूक आहे, जी बॅटमॅनच्या तत्त्वात बसत नाही, आणि ते मला अजूनही खटकते. पण नायक लहान असल्याने समोरचा खड्डा, वरची फळी, येणारा शत्रू सगळे वेळेत दिसते, आणि उडी दाबताक्षणी बसते. चित्रपटाशी इमान त्याने फारसे राखले नाही, पडद्याशी राखले.

१९९५ मध्येच रेअर कंपनीचा ‘डाँकी काँग लँड’ही गेम बॉयवर आला. त्यातही मोठ्या यंत्रावरच्या भरीव आकृत्या तशाच आणायचा हट्ट होता आणि आकृती व पार्श्वभूमी एकमेकांत मिसळतात ही तक्रारही तीच. तो मात्र मुळात उड्या मारायचा खेळ असल्याने निभावला.

गेम गिअरच्या पडद्याला रंग होते आणि मागून उजेडही. त्यापायी सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपत. तरी ठिपके तेवढेच, १६० बाय १४४, आणि एका ओळीतल्या हलत्या चौकटी तर आठच.

अक्लेमने १९९५ मध्येच प्रोब विकत घेतली. पुढे २००४ मध्ये अक्लेम स्वतःच दिवाळखोरीत निघाली. आता हा खेळ एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) उजळ पडद्यावर खेळता येतो. मागे रेंगाळणारी सावली नाहीशी होते, काळ्यातून काळा बऱ्यापैकी सुटा दिसतो. जागा मात्र तेवढीच राहते आणि ठोशाच्या ऐवजी भलतेच काहीतरी होण्याची सवयही.