वॉटरजेट कटिंग आलं कुठून?

वॉटरजेट म्हटलं की लोकांना वाटतं पाण्याने स्टील कापतात. पण नुसत्या पाण्याने जाड स्टील कापलं जात नाही, आणि सगळा इतिहास नेमका तिथेच वळण घेतो.

पाण्याचा जोर कामाला लावणं तसं जुनंच. 1850च्या दशकात कॅलिफोर्नियात सोन्यासाठी मोठ्या नोझलने अख्ख्या टेकड्या धुऊन काढायचे, खालच्या नद्या गाळाने भरल्या, शेतं बुडाली, शेवटी 1884 मध्ये कोर्टाने ते बंद पाडलं. कापण्याकडे मन लावून बघितलं ते 1950च्या दशकात नॉर्मन फ्रान्झ यांनी, फॉरेस्ट्री इंजिनिअर माणूस, लाकूड कापायचं होतं. पाण्याच्या स्तंभावर जड वजन पाडायचं आणि पाणी बारीक भोकातून बाहेर काढायचं, प्रेशर क्षणभरच मिळायचं पण तेवढ्यात लाकूड कापलं जायचं. सतत प्रेशर देणाऱ्या कमर्शियल मशिनी 1970च्या दशकात आल्या आणि पुठ्ठा, कागदाच्या नळ्या, फोम असला मऊ माल कापायला लागल्या.

धातू मात्र राहूनच गेला. 1979 च्या सुमाराला अमेरिकेतल्या फ्लो कंपनीत मोहम्मद हशीश यांनी पाण्यात अब्रेझिव्ह, म्हणजे घासून कापणारे कठीण कण, मिसळायचं काम हातात घेतलं, आणि मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते कण कुठे मिसळायचे याचं. साधारण 4,000 बार प्रेशरचं पाणी माणकाच्या किंवा हिऱ्याच्या ऑरिफिसमधून, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान भोकातून, आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने सुटतं, त्या वेगामुळे पुढच्या चेंबरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि गार्नेट नावाच्या कठीण खनिजाचे कण बाजूच्या पाइपातून आपोआप आत ओढले जातात. म्हणजे पंप आणि ऑरिफिस यांच्या वाटेला कण जातच नाहीत, झिजते ती पुढची कार्बाइडची ट्यूब, ती बदलायची की झालं. 1980च्या दशकात यावर काच, स्टील, काँक्रीट सगळं कापायला लागले.

फायदा काय, तर उष्णता नाही. गॅसने किंवा प्लाझ्माने जाड प्लेट कापली की कडेचा पट्टा तापून गार होतो, स्टीलमध्ये कार्बन बऱ्यापैकी असेल तर तो कडक होतो, मग तिथे ड्रिल आणि टॅप मारणाऱ्याला विचारा किती त्रास होतो ते! वॉटरजेटच्या कडेला असं काही होत नाही, म्हणून टायटॅनियम आणि कार्बन फायबरच्या पार्टसाठी विमानवाल्यांनी हे लगेच उचललं. ग्रॅनाइट, रबर, 150 मिमी स्टील, एकाच मशिनवर सगळं निघतं. टफन्ड ग्लास तेवढी चालत नाही, फुटतेच.

स्पीड कमी आहे आणि गार्नेटचा खर्च चालूच राहतो (आपल्याकडे तामिळनाडू-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत गार्नेट सापडतं), त्यामुळे 2 मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील, साधं स्टील) शीटचा जॉब असेल तर सरळ लेझरवाल्याकडे जा, आणि जाड प्लेट असेल, उष्णता चालणार नसेल, तर वॉटरजेटचं कोटेशन आधी मागवा.