व्हर्जिन आयलंड्स दोन आहेत, आणि तुमचा व्हिसा स्टॅम्प त्यातल्या एकाच ठिकाणी आडवा येतो

"हनिमूनला व्हर्जिन आयलंड्सला जातोय, एच-वनचा स्टॅम्प संपलाय, चालेल ना?" अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर हिवाळा आला की हा प्रश्न येतोच (एच-वन म्हणजे एच-१बी, नोकरीचा व्हिसा). खाली एक जण लिहितो, "बिनधास्त जा, ते अमेरिकेतच आहे." दुसरा लिहितो, "अजिबात जाऊ नका, परत येताना अडकाल." मग दोघांची जुंपते. खरं तर दोघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या बेटांबद्दल बोलत असतात. आणि "कोणती व्हर्जिन आयलंड्स?" हे विचारण्याचं कुणाच्याही मनात येत नाही. याचा मला खरोखर त्रास होतो, कारण या गोंधळाचा फटका नव्याने लग्न झालेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र प्रवासाला निघालेल्या माणसांना बसतो.

तर आधी नावं. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्स म्हणजे सेंट थॉमस, सेंट जॉन आणि बरंच दक्षिणेला असलेलं सेंट क्रॉय. ही बेटं अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स म्हणजे टॉर्टोला, व्हर्जिन गोर्डा, योस्ट व्हॅन डाइक, अनेगाडा आणि आजूबाजूची लहान बेटं. समुद्र तोच, वाळू तीच, हवा तीच. घड्याळ सारखंच, आणि ब्रिटिश बाजूलाही चलन अमेरिकन डॉलरच. एवढं सगळं सारखं असल्यामुळेच लोक गाफील राहतात. फोटो बघून दोन्हीतलं एक निवडायला बसू नका, फोटोत फरक दिसत नाही.

फरक आहे तो एकच आणि तोच महत्त्वाचा: सेंट थॉमस किंवा सेंट जॉनला गेलात तर तुम्ही अमेरिका सोडलेली नसते. टॉर्टोलाच्या धक्क्यावर पाऊल ठेवलंत की सोडलेली असते.

हे नीट समजायला स्टॅम्प आणि स्टेटस यांतला फरक लक्षात हवा. पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प हा अमेरिकेच्या सीमेवर येऊन आत येण्यासाठी असतो. आत आल्यावर किती दिवस आणि कशासाठी राहता येईल, ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर ठरतं. नोकरी बदलली, मुदत वाढली, एफ-१ या विद्यार्थी स्टेटसवरून एच-१बी झालं, तर आय-७९७ या मंजुरीच्या पत्रावर नवा आय-९४ मिळतो. पासपोर्टवरचा स्टॅम्प मात्र जुनाच राहतो. म्हणूनच इथे एमएस करून नोकरीला लागलेल्या अनेकांचं स्टेटस अगदी पक्कं असतं आणि पासपोर्टवर फक्त एक मुदत संपलेला विद्यार्थी व्हिसा असतो. देशात राहायला, काम करायला त्याने काहीही अडत नाही. अडतं ते देशाबाहेर जाऊन परत येताना.

न्यूअर्कहून किंवा मायामीहून सेंट थॉमसला जाताना तुम्ही देशांतर्गत विमानात बसता. परत येताना मात्र तिथल्या सिरिल किंग विमानतळावर विमानात चढण्याआधी सीमाशुल्क आणि इमिग्रेशनचे अधिकारी कागद बघतात. ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात असली तरी तिच्या सीमाशुल्क हद्दीबाहेर आहेत, म्हणून सामानाची घोषणाही करावी लागते. ही तपासणी पाहूनच "परत येताना चौकशी झाली, म्हणजे ते परदेशातच असणार" ही समजूत पसरते. ती चुकीची आहे. पासपोर्ट, आय-९४ ची प्रत, मूळ आय-७९७, आणि एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांचं स्टेटस) असलेल्या जोडीदाराचे तसेच कागद जवळ ठेवा. अधिकारी तुमचं स्टेटस तपासतो. स्टॅम्पची मुदत संपलीय एवढ्याने तिथे अडत नाही, कारण तुम्ही बाहेरून आत येतच नसता.

आता टॉर्टोला. सेंट जॉनच्या उत्तर किनाऱ्यावरून ती इतकी जवळ दिसते की तिच्या डोंगरावरची घरं ओळखू येतात. तिथे उभं राहिलं की फोन आपोआप ब्रिटिश बाजूच्या टॉवरला जाऊन चिकटतो आणि रोमिंग सुरू होतं, म्हणून त्या किनाऱ्यावर रोमिंग बंद करून ठेवा. सेंट थॉमसहून फेरी तासाभरात तिकडे पोहोचवते. अंतर इतकं कमी असलं तरी तो ब्रिटनच्या अखत्यारीतला वेगळा प्रदेश आहे, त्यांचं इमिग्रेशन वेगळं आहे, आणि तिथून परत येणारा माणूस अमेरिकेच्या दृष्टीने परदेशातून येणारा माणूस असतो. त्याच्याकडे वैध स्टॅम्प लागतो.

लोक फसतात ते विमानाचं तिकीट काढताना नाही. तिथे बरेच जण विचारपूर्वक सेंट थॉमस निवडतात. ते फसतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रिसॉर्टच्या टेबलावर, जेव्हा कुणीतरी एक दिवसाची बोटीची सहल समोर ठेवतं: व्हर्जिन गोर्डावरचे 'द बाथ्स'चे प्रचंड खडक, मग योस्ट व्हॅन डाइकच्या व्हाइट बेवर जेवण, संध्याकाळी परत. बोटवाला विचारतो, "पासपोर्ट आहेत ना?" तुम्ही म्हणता, आहेत. त्याचं काम झालं. तुमच्या स्टॅम्पची तारीख बघणं हे त्याचं काम नाही. संध्याकाळी बोट सेंट जॉनच्या क्रूझ बे बंदराला लागते, तिथे अधिकारी पासपोर्ट उघडतो, आणि सकाळी दहा वाजता तुम्ही जे केलंत त्याचा अर्थ तेव्हा कळतो.

यावर हमखास येणारं उत्तर असतं, "पण आमचा मित्र संपलेल्या स्टॅम्पवर कॅनडातून परत आला होता." आला असेल. त्याला ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात. तीस किंवा त्याहून कमी दिवस फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत राहून परत येणाऱ्याला, आय-९४ वैध असेल आणि तिथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसेल, तर जुना स्टॅम्प चालवून घेतला जातो. पण हा नियम अमेरिकेला लागून असलेल्या त्या दोन देशांपुरता आहे. कॅरिबियनमधल्या 'लगतच्या बेटां'साठीची सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज व्हिजिटर) स्टेटसवाल्यांना आहे, तीही क्यूबा वगळून. म्हणजे ओपीटीवर (शिक्षणानंतर एफ-१ वरच नोकरी करण्याची मुभा) असलेला नवरा, कॉलेजने सही केलेला आय-२० फॉर्म आणि बाकी कागद जवळ असतील तर, टॉर्टोलाहून या नियमाखाली परत येऊ शकतो. एच-१बीवाला किंवा एच-४ वरची बायको येऊ शकत नाही. एकाच जोडप्यात एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, असंही होऊ शकतं. मेक्सिकोतल्या कॅन्कूनचा अनुभव टॉर्टोलाला लावू नका. गटांवर सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं, आणि तो नेहमी चांगल्या मनाने दिलेला असतो, म्हणून तो खोडायलाही अवघड जातं.

अडकलात तर टॉर्टोलावर अमेरिकेचं वाणिज्य दूतावास नाही. त्या भागाचं काम बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमधल्या दूतावासाकडे आहे. एका दिवसाच्या सहलीसाठी निघालेल्या, पोहण्याचे कपडे आणि टॉवेल घेतलेल्या माणसाने ब्रिजटाउन गाठून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवायची, हे डोळ्यासमोर आणून बघा आणि मग ठरवा.

ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. लग्न नुकतंच अमेरिकन नागरिकाशी झालंय, आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरलाय, ॲडव्हान्स पॅरोल (अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) अजून हातात आलेला नाही, अशा स्थितीत टॉर्टोलाची सहल केली तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. वैध एच किंवा एल (कंपनीने बदलीवर आणलेल्यांचं) स्टेटसवर, त्याच श्रेणीच्या वैध स्टॅम्पसह परत येणाऱ्यांना यातून सूट आहे, बाकी बहुतेकांना नाही. सेंट जॉनला जाण्याने अर्जाला काहीही होत नाही. ग्रीन कार्ड हातात असणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही. कार्ड आणि पासपोर्ट घ्या आणि दोन्हीकडे फिरा.

थेट भारतातून जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकन बाजूला अमेरिकेचाच व्हिसा लागतो. ब्रिटिश बाजूबद्दल 'भारतीयांसाठी व्हिसा-फ्री देश' अशा याद्या वाचून पुण्यात बसून बेत आखणारे खूप आहेत, पण त्या याद्या फक्त शेवटच्या विमानतळाबद्दल बोलतात. मुंबईहून टॉर्टोलाला थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनहून अँटिग्वा आणि तिथून लहान विमान, असा मार्ग धरलात तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसाचा नियम भारतीय पासपोर्टला लागू आहे. त्यामुळे आधी मार्ग ठरवा, मग प्रत्येक थांब्याचा व्हिसा बघा, आणि शेवटी बेटाचा नियम त्यांच्या इमिग्रेशन विभागाकडून ताडून घ्या.

आणि मुलीच्या नावाचं तिकीट. लग्न झालं की सासरचं कुणीतरी हौसेने नवं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव घालून तिकीट काढतं, आणि पासपोर्टवर असतं माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव. तिकीट पासपोर्टप्रमाणेच हवं, दुसरा पर्याय नाही. पासपोर्ट बदलायचा असेल तर हनिमूनहून आल्यावर सावकाश बदला. बदलायचा नसेल तर नका बदलू, तो तिचा प्रश्न आहे.

फिरण्याच्या बाबतीत दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या आहेत. "तिकडे गाडी डावीकडून चालवतात, आपल्याला सोपं" असं भारतात गाडी शिकलेले सांगतात, ते अर्धंच आहे. दोन्हीकडे रस्त्याची डावी बाजू धरतात, पण बहुतेक गाड्या अमेरिकेतून आलेल्या, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच. चालक रस्त्याच्या कडेला, गटाराजवळ बसतो आणि समोरून येणारी गाडी शेजारी बसलेल्याला आधी दिसते. रस्ते अरुंद, चढ उभे, वळणं आंधळी. टॉर्टोलाचे चढ तर सेंट थॉमसहूनही कठीण. शेजारी बसणाऱ्याने फोन बाजूला ठेवून वळणावर बोलत राहायचं, हे आधीच ठरवून घ्या. अमेरिकन लायसन्स सेंट थॉमसवर चालतं. ब्रिटिश बाजूला तात्पुरता परवाना लागतो, तो गाडी देणारी कंपनीच काढून देते. नुसतं भारतीय लायसन्स असेल तर कंपनीला आधी लिहून विचारा आणि इंटरनॅशनल परमिट घेऊन जा.

उबर, लिफ्ट धरून चालू नका. टॅक्सी म्हणजे बऱ्याचदा मागे बाकं लावलेला उघडा ट्रक, त्याला सफारी म्हणतात. भाडं माणशी असतं, गाडीमागे नाही, म्हणून दोघांचे किती ते बसण्याआधी विचारा. मला स्वतःला सेंट थॉमसवर सफारी आणि सेंट जॉनवर भाड्याची जीप हीच जुळणी आवडते. सेंट थॉमसच्या रेड हुकहून क्रूझ बेची फेरी वीसेक मिनिटांची आहे आणि ती देशांतर्गत असल्याने तिथे पासपोर्टचा प्रश्न नाही. गाडी नेणारी बार्जही आहे. भाड्याची गाडी सेंट जॉनला न्यायला परवानगी आहे का, ते करारात बघा. टॉर्टोलाला मात्र ती नेता येत नाही.

स्टॅम्प संपलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सगळे दिवस सेंट जॉनला द्या. बेटाचा अर्ध्याहून अधिक भाग १९५६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, ट्रंक बेला पाण्याखाली स्नॉर्केलिंगची खुणा लावलेली वाट आहे, आणि टॉर्टोला समोर दिसत राहते तेवढी पुरे. दोघांचेही स्टॅम्प वैध असतील तर एका दिवसाच्या बोटीत पैसे घालू नका, कारण दिवसाचा मोठा वाटा दोन्हीकडच्या इमिग्रेशनच्या रांगेत जातो. त्याऐवजी व्हर्जिन गोर्डावर तीन-चार रात्री राहा आणि 'द बाथ्स'ला सकाळी लवकर, क्रूझवरचे लोक यायच्या आत जा. २०२३ पासून मायामीहून टॉर्टोलाजवळच्या बीफ आयलंडला थेट विमानही जातं. पण परतीचं विमान सेंट थॉमसहून असेल तर आदली रात्र तिथेच काढा. टॉर्टोलावरच्या रोड टाउनहून सुटणाऱ्या फेऱ्या संध्याकाळी लवकर संपतात, आणि सकाळची पहिली फेरी पकडून, अमेरिकेत प्रवेश करून, पुन्हा विमानतळावरची तपासणी पार करायला एक सकाळ पुरत नाही.