कंपनी अडचणीत आली की संचालकांनी काय करायचे: नियम कसे बदलत गेले

पैसे संपत आले की संचालकांनी केव्हा आणि कुठे दाद मागायची, याचे उत्तर भारतात 2016 साली पार बदलले. तरी अनेक संचालक मंडळे अजून जुन्याच सवयीने वागतात आणि त्यात वैयक्तिक अडचणी ओढवून घेतात.

ती सवय लावली 1985 च्या आजारी औद्योगिक कंपन्या कायद्याने. रिझर्व्ह बँकेने 1981 मध्ये तिवारी समिती नेमली, तिच्या शिफारशींतून हा कायदा आला. 1987 मध्ये ‘बीआयएफआर’, म्हणजे औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ, कामाला लागले. निम्मे नेटवर्थ (भांडवल अधिक राखीव निधी, वजा साठलेला तोटा) बुडाले की या मंडळाला कळवायचे आणि सर्वसाधारण सभा बोलवायची. सगळे बुडाले की लेखापरीक्षित हिशेब पक्के झाल्यापासून 60 दिवसांत अर्ज करायचा. मोजमाप ताळेबंदाचे होते, आणि दोष तिथेच होता. ताळेबंदात नेटवर्थ शून्यावर येईपर्यंत रोकड केव्हाच आटलेली असते. वर, कलम 22 मुळे वसुलीला स्थगिती मिळे आणि व्यवस्थापनही खुर्चीत राहत असे. अर्ज म्हणजे वेळ काढण्याचा आसरा झाला. यंत्रे गंजली, कामगारांची देणी वर्षानुवर्षे लटकली.

1 डिसेंबर 2016 ला तो कायदा संपला आणि दिवाळखोरी संहितेची प्रक्रिया लागू झाली. आता मोजमाप थकबाकीचे: ती ठरावीक रकमेपर्यंत पोचली की धनको अर्ज करू शकतात. ही मर्यादा आधी 1 लाख रुपये होती, मार्च 2020 पासून 1 कोटी. माल पुरवणाऱ्याची मागणी नोटीस आली की हातात 10 दिवस असतात. अर्ज दाखल करून घेतला गेला तर स्थगिती आजही मिळते, पण संचालक मंडळाचे अधिकार त्याच दिवशी निलंबित होतात.

संहितेतले सर्वात महत्त्वाचे कलम 66(2). ब्रिटनच्या 1986 च्या दिवाळखोरी कायद्याशी त्याचे नाते उघड आहे. दिवाळखोरी टळणार नाही हे संचालकाला कळले होते, किंवा कळायला हवे होते, आणि तरी धनकोंचे नुकसान कमी करण्यासाठी त्याने योग्य ती काळजी घेतली नाही, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण त्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायला लावू शकते. फसवणुकीचा हेतू सिद्ध व्हावा लागत नाही. म्हणून शंका आली त्याच आठवड्यात पुढच्या 13 आठवड्यांची जमा-खर्चाची मांडणी करावी, बैठक घ्यावी आणि असहमतीसुद्धा इतिवृत्तात नोंदवावी.

हमखास होणारी चूक वेगळीच: आधी भावाचे किंवा स्वतःची हमी असलेले कर्ज फेडणे. संबंधित व्यक्तींना प्राधान्य देणारे असे व्यवहार, प्रक्रिया सुरू होण्याआधीच्या 2 वर्षांतले, रद्द होऊ शकतात. इतरांबाबत ही मुदत 1 वर्ष. पुढच्या तारखेचे धनादेशही देऊ नयेत. धनादेश न वटल्याच्या खटल्यात स्थगिती कंपनीला वाचवते, जबाबदार संचालकांना नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिला.

कंपनी स्वतःही अर्ज करू शकते. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव, म्हणजे तीन-चतुर्थांश मते लागतात. लघुउद्योगांसाठी 2021 मध्ये पूर्वनियोजित तोडग्याची वाट खुली झाली: कर्जाच्या मूल्याने 66 टक्के वित्तीय धनकोंची (बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांची) संमती, 120 दिवसांची मुदत, आणि कारभार संचालकांच्याच हाती. ही संमती अर्जाआधी मिळवायची असल्याने बँकेशी बोलणी पुरवठादारांच्या नोटिसा यायच्या आत सुरू झालेली असावी लागतात.