पार्श्वभूमी : स्वच्छ ऊर्जेतील गुंतवणूक आणि धोरणाची विश्वासार्हता

स्वच्छ ऊर्जेतील गुंतवणुकीचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून सांगितला जातो. बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौरघट जगासमोर आणला, पुढे पवनचक्क्यांची पाती लांब होत गेली, आणि २०१०नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, हे सारे खरेच आहे. मात्र हा पैसा कधी आला आणि कधी आटला, याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा कायद्यांत आणि करारांत अधिक सापडते. कोळशाच्या किंवा वायूच्या प्रकल्पात इंधनाचा खर्च वर्षानुवर्षे विभागला जातो. पवन आणि सौर प्रकल्पांत इंधन फुकट असले, तरी जवळजवळ सगळा पैसा पहिली युनिट वीज तयार होण्यापूर्वीच घालावा लागतो. त्यामुळे पुढची पंधरा-वीस वर्षे वीज कोण आणि कोणत्या दराने घेणार, याची खात्री हाच गुंतवणूकदाराचा मूळ प्रश्न असतो. गेल्या पाच दशकांतील धोरणे म्हणजे या प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरे होत.

सुरुवात झाली ती ऑक्टोबर १९७३ मधील तेलबंदीने. काही महिन्यांतच कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली आणि जपानने त्याच वर्षी ‘सनशाइन’ या नावाने नव्या ऊर्जास्रोतांवरील संशोधनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. संशोधनाला पैसा मिळू लागला, पण विजेची बाजारपेठ मात्र मोठ्या वीज कंपन्यांच्याच हातात राहिली. तिचे दार पहिल्यांदा किलकिले केले ते अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्याने. लहान स्वतंत्र उत्पादकांची वीज कंपन्यांनी घेतलीच पाहिजे, आणि तीच वीज स्वतः तयार करण्यास जो खर्च आला असता तेवढा दर त्यांना दिला पाहिजे, असे बंधन या कायद्याने घातले. कॅलिफोर्नियाने त्यापुढे जाऊन दीर्घ मुदतीचे नमुना करार तयार केले, ज्यांत पहिल्या दहा वर्षांचे दर ठरवून दिलेले होते. त्यांना केंद्र आणि राज्य या दोहोंच्या करसवलतींची जोड मिळाली आणि एकूण सवलत प्रकल्पाच्या खर्चाच्या जवळपास निम्म्यावर गेली. अल्टामाँट खिंडीतील टेकड्यांवर हजारो पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच काळात.

या व्यवस्थेतील उणीव लवकरच उघडी पडली. सवलत वीजनिर्मितीवर नसून गुंतवलेल्या रकमेवर असल्यामुळे अनेकांनी घाईघाईने, पुरेशी चाचणी न झालेली यंत्रे बसवली आणि त्यांतील बरीच थोड्याच काळात बंद पडली. १९८५ च्या अखेरीस केंद्रीय करसवलत संपली, १९८६ मध्ये तेलाच्या किमती निम्म्याहूनही खाली कोसळल्या, आणि कॅलिफोर्नियाच्या बाजारावर अवलंबून असलेले डेन्मार्कचे पवनचक्की उत्पादक आर्थिक डबघाईला आले. तरीही डेन्मार्कचा उद्योग तगला. तेथे १९७९ पासून पवनचक्की घेणाऱ्याला ३० टक्के भांडवली अनुदान मिळत होते, पण ते रिसो येथील चाचणी केंद्राने मान्य केलेल्या यंत्रासाठीच. अनुदानाला गुणवत्तेची अट जोडण्याचा हा निर्णय माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणपणाच्या निर्णयांपैकी एक होता. शिवाय गावकऱ्यांच्या सहकारी गटांनी मिळून पवनचक्क्या विकत घेतल्यामुळे परतावा आणि पाठिंबा दोन्ही स्थानिक राहिले.

हीच चूक आणि हीच दुरुस्ती पुढे इतरत्रही दिसते. भारतात १९९० च्या दशकात पवनचक्क्यांवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखवण्याची, म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र नफ्यातून वजा करण्याची मुभा होती. त्यामुळे नफ्यातील उद्योगांनी कर वाचवण्यासाठी त्या उभारल्या, मात्र त्या किती वीज देतात याकडे लक्ष देण्याचे कारण त्यांना फारसे नव्हते. प्रत्यक्ष निर्मितीवर प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना २००९ मध्ये आली. अमेरिकेनेही १९९२ मध्ये सवलत दर युनिटमागे द्यायला सुरुवात केली. तिची मुदत मात्र संसद थोड्या थोड्या वर्षांनीच वाढवत राहिली, आणि त्यात खंड पडला की पवनऊर्जेची नवी उभारणी कोसळत असे. २०००, २००२, २००४ आणि २०१३ ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

या अनिश्चिततेवरचा सर्वांत परिणामकारक उपाय जर्मनीत घडला. १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने वीज कंपन्यांवर खरेदीचे बंधन आले. २००० च्या कायद्याने तंत्रज्ञानाच्या खर्चानुसार वेगवेगळा दर आणि तोही २० वर्षांसाठी निश्चित केला. नव्या प्रकल्पांचा दर दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात घटत जाई, मात्र एकदा मिळालेला दर बदलत नसे. परिणामी शेतकरी, घरमालक, सहकारी संस्था यांनाही बँका कर्ज देऊ लागल्या. याचा भार वीजग्राहकांच्या बिलावरील अधिभारातून वसूल झाला आणि तो लहान नव्हता. तो अधिभार अखेर २०२२ मध्ये रद्द करून सरकारी तिजोरीवर घेण्यात आला. पण जर्मन ग्राहकांनी उभ्या केलेल्या या मागणीमुळेच चीनमधील कारखान्यांनी प्रचंड उत्पादनक्षमता उभारली आणि पॅनेल साऱ्या जगाला स्वस्त झाली, हेही नोंदवायला हवे.

स्पेनने हाच मार्ग घेतला, परंतु मर्यादा न घालता. २००७ च्या उदार दरांमुळे २००८ या एका वर्षात तेथे २,५०० मेगावॅटहून अधिक सौरक्षमता बसवली गेली. हा खर्च ग्राहकांच्या बिलात पूर्णपणे उतरवायला सरकार तयार नव्हते. तूट साचत २० अब्ज युरोंच्या पुढे गेली. त्यानंतर २०१० पासून, आणि विशेषतः २०१३ मध्ये, आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पांचा मोबदलाही कमी करण्यात आला. नव्या प्रकल्पांचे दर खाली आणणे हा सरकारचा अधिकार आहे, परंतु दिलेला शब्द मागाहून बदलला की नुकसान त्या एका करारापुरते राहत नाही. परदेशी गुंतवणूकदारांनी स्पेनविरुद्ध दाखल केलेले आंतरराष्ट्रीय लवादांतील दावे पुढे कित्येक वर्षे चालले.

त्यानंतर बहुतेक देश लिलावाकडे वळले. दर सरकारने ठरवण्याऐवजी कंपन्यांनी बोली लावायची आणि विजेत्याला दीर्घ मुदतीचा करार मिळायचा, ही पद्धत दर झपाट्याने खाली आणणारी ठरली. २००७ मध्ये युरोपीय गुंतवणूक बँकेने आणि २००८ मध्ये जागतिक बँकेने हवामानविषयक रोखे काढल्यावर निवृत्तिवेतन निधींसारखा संथ, दीर्घकालीन पैसाही या क्षेत्राकडे वळू लागला. लिलावातील कमाल मर्यादा वास्तवापासून सुटली तर काय होते, ते ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये दिसले. व्याजदर आणि साहित्याच्या किमती वाढलेल्या असतानाही समुद्रातील पवनऊर्जेचा कमाल दर कमीच ठेवल्याने त्या गटात एकही बोली आली नाही, आणि पुढील फेरीसाठी तो दर बराच वाढवावा लागला. अमेरिकेने २०२२ मध्ये दीर्घ मुदतीच्या करसवलतींचा मोठा कायदा केला, आणि अवघ्या तीन वर्षांत, जुलै २०२५ मध्ये, पवन व सौर प्रकल्पांसाठीची त्यांची मुदत आखडती घेतली.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये स्वच्छ ऊर्जा, ग्रीड आणि साठवणूक यांवरील जागतिक गुंतवणूक २ ट्रिलियन डॉलरपर्यंत पोचली, पण तिचा बहुतांश भाग चीन आणि श्रीमंत देशांतच राहिला. विकसनशील देशांत भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तेच पॅनेल, तितक्याच किंवा अधिक प्रखर उन्हातही, तिथे महाग वीज देते. वितरण कंपन्यांची थकबाकी, चलनाची घसरण आणि मध्येच बदलणारे नियम ही त्यामागची कारणे आहेत, आणि विकास बँकांनी यांपैकी कोणत्या जोखमीची हमी घ्यावी, यावर सध्या वाटाघाटी सुरू आहेत.